औषधाच्या बाटलीतला खार

रिकामं पोतं आमचे शेठजी आधी नाकाशी न्यायचे. डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचे आणि मग निकाल द्यायचे. "तूर. त्याच्या आधी सरकी. त्याच्याबी आधी कुनीतरी ह्याच्यात कोंबड्या नेल्यात, हे वापस घेऊन जा." पोती विकायला आलेला माणूस वरमायचा, कारण कोंबड्या खरंच नेलेल्या असायच्या. जालन्याच्या मोंढ्यात जुन्या बारदान्याचा धंदा करणारे आणखीही होते. ते पोतं उजेडाकडे धरून भोकं मोजायचे. शेठजी हुंगायचे. "रिकामं पोतंबी सांगतं आत काय व्हतं. मानूस सांगत न्हाई," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं आणि ते दिवसातून दोनदा तरी वापरलं जायचं.

मी त्यांचा भाडेकरू. बदनापूरला एका सरकारी कार्यालयात कारकून होतो. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. खोली बघायला गेलो तेव्हा शेठजींनी मला नाव-गाव विचारायच्या आधी माझी गादी हुंगली. "भाऊसाहेब, तुमच्या ह्या गादीवर मांजर व्यालं व्हतं," म्हणाले. गावाकडे व्यालं होतं. तीन पिल्लं झाली होती. मी ती गादी चार दिवस उन्हात टाकून, झटकून, वर नवी खोळ घालून आणली होती. तेव्हापासून या माणसासमोर मी जरा जपून उभा राहायचो.

जैन घर होतं. आजोबा निजामाच्या राज्यात राजस्थानातून आले, एवढाच त्यांचा राजस्थानशी संबंध. स्वतः शेठजी एकदाच तिकडे गेले होते, लग्नाला, आणि तिथलं पाणी त्यांना बाधलं होतं. बायकोशी, म्हणजे आमच्या काकीजींशी, ते मारवाडीत बोलायचे, आमच्याशी अस्सल इकडच्या मराठीत आणि गिऱ्हाईक फारच चिकट निघालं तर हिंदीत. दिवस मावळायच्या आत जेवण आटपायचं हा त्यांच्याकडचा नियम. तो पुष्कळ घरांत असतो. पण शेठजींनी तो अख्ख्या गल्लीला लावला होता. ऊन भिंतीवरून खाली उतरलं की ते ओट्यावर येऊन उभे राहायचे आणि पितळी ताटावर उलथनं मारत ओरडायचे, "दिवस चालला, जेवून घ्या." गल्लीत एक शिंपी होता, एक एसटीचा ड्रायव्हर होता, दोन मास्तर होते. कुणीही त्या वेळी जेवायचं नाही. पण ताट वाजलं की बायका कुकर चढवायच्या, पोरं घराकडे वळायची, आणि रमजानात शिंप्याच्या घरी खजूर धुवायला घ्यायचे. एकदा शेठजी तापाने निजून होते तर सगळ्या गल्लीची जेवणं उशिरा झाली.

हे सगळं मी हसत सांगतो. नेहमी इथपर्यंतच सांगतो. ओळखीच्या लोकांना शेठजींचं नाक आणि शेठजींचं ताट माझ्याकडून ऐकून पाठ झालं आहे. पुढचं मी एका माणसाशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

तिशीला आलो होतो. लग्नाचं बघणं चाललं होतं. संक्रांतीच्या सुमाराला पाय सुजायला लागले, चेहरा सुजला, भूक गेली. औरंगाबादच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि दोन्ही किडन्या गेल्याचं सांगितलं. बघायला येणारे मग यायचे थांबले. आठवड्यातून दोनदा औरंगाबादला जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं आणि घरातलं कुणी किडनी देतंय का ते बघायचं, एवढाच मार्ग होता. आईवडील राहिले नव्हते. होती ती थोरली बहीण, अक्का. तिला जाफराबादकडे दिलेली. तिला निरोप गेला तशी ती दुसऱ्या दिवशी एसटीने आली, माझ्याकडे बघून घेतलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "माझी घ्या. दोन हायेत म्हन्ता ना?" तिच्या तपासण्या जुळल्या. आमचे दाजी तसे वाईट नव्हते, पण बायकोच्या पोटातलं काही काढून देणं त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. महिनाभर त्यांची समजूत घालावी लागली. शेवटी ते म्हणाले, पेरणी आणि खुरपणी उरकू द्या, मग घेऊन जा. ऑपरेशन पुण्याला, श्रावणात, असं ठरलं.

डॉक्टरांनी अट एकच घातली. तोवर अंगावर सूज नको आणि रक्तदाब चढलेला नको, तरच ऑपरेशन. म्हणजे मीठ बंद. पाणी दिवसाला तीन पेले. भाज्या दोनदा उकळून पाणी फेकून द्यायचं. फळंही नाहीत. आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येकजण जालन्यात मोसंबीच घेऊन येतो. ती सगळी शेठजी गल्लीत वाटून टाकायचे.

मी खानावळीत जेवायचो. आता कसं करायचं म्हणून खोलीत बसलो होतो तेवढ्यात शेठजी दारात आले. डॉक्टरांचा कागद मागून घेतला, वाचला आणि हसले. "बस एवढंच? अरे, आमच्या बायका ओळीचे नऊ दिवस बिना मिठाचं, बिना तेलाचं खाऊन राह्यल्या. वर्षातून दोनदा. कोनी मेलं न्हाई. तू आजपासून आमच्याकडं जेवायचं." भाऊसाहेब आणि तुम्ही गेलं, तू आलं. त्यांच्याकडे ते आयंबिल म्हणतात. तूप नाही, तेल नाही, दूध नाही, गोड नाही, एकदाच जेवण, आणि कडक करणारे त्यात मीठही घालत नाहीत. काकीजी तर तसल्या जेवणात निष्णात होत्या. मला जी शिक्षा वाटत होती ते त्यांच्याकडे पुण्यकर्म होतं.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी पोत्यांवर मार्का मारायची शाई आणि ब्रश काढला. एक धुतलेलं पोतं उसवून सरळ केलं आणि त्यावर वीतभर अक्षरांत लिहिलं, "मीठ नाही. पापड नाही. लोणचं नाही. पाणी तीन गिलास." ते पोतं त्यांनी माझ्या दाराला पडद्यासारखं टांगलं. मी म्हणालो, शेठजी, लोक काय म्हणतील. ते म्हणाले, लोकांनी वाचावं म्हणूनच लिहिलंय, म्हणजे कुणी काही आणून देणार नाही. पोस्टमन सुद्धा ते वाचून मगच पत्र आत टाकायचा.

काकीजी बोलायला फार कमी. ठेंगण्या, डोक्यावर पदर, हाताला कायम पिठाचा वास. हे शेठजींनीच मला सांगितलं होतं, की तिच्या हाताला चाळीस वर्षांत दुसरा वास आला नाही. सकाळी त्या माझ्यासाठी तांब्यात मोजून पाणी ठेवायच्या आणि डब्यात भाकरी आणि दुधी किंवा दोडका द्यायच्या. संध्याकाळी ताट वाजायच्या आधी माझं ताट वाढलेलं असायचं.

आणि ते मला जात नव्हतं. मीठ नसलेल्या भाकरीचा घास तोंडात फिरत राहतो, त्याला गिळायचं कारणच सापडत नाही. लहानपणापासून ठेचा आणि कांद्याबरोबर जेवलेला माणूस मी. वैशाखात एकदा ताटावर बसलो असताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिशीचा बाप्या दुधीची भाजी बघून रडतोय, याची मलाच लाज वाटली. काकीजी चुलीपाशी होत्या. त्यांनी बघितलं आणि मान फिरवली. पुढच्या काही दिवसांत वरणाला जरा चव लागली. मला वाटलं, जिभेला सवय झाली.

आता खाराचं सांगतो. आदल्या उन्हाळ्यात अक्काने मला कैरीच्या लोणच्याची एक बरणी भरून दिली होती. आजार कळल्यावर तिने पहिल्यांदा त्या बरणीचीच आठवण केली, ते लोणचं देऊन टाक म्हणाली. मी दिलं. शिंप्याच्या घरी दिलं, ड्रायव्हरच्या घरी दिलं. पण फोडी दिल्या. तळाचा खार मी औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत ओतून ठेवला. खोलीत फळीवर सात-आठ औषधांच्या बाटल्या होत्या, त्यांत ही एक. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. बोट बुडवायचं आणि जिभेला लावायचं, एवढंच. आधी आठवड्यातून एकदा. मग रोज. मग जेवणाच्या आधी गोळी घ्यावी तसं दिवसातून तीनदा, आणि बोटाऐवजी झाकण भरून. मोहरी, मेथी, हिंग आणि मीठ. जीभ जिवंत व्हायची. मग तहान लागायची, आणि काकीजींच्या तांब्यातलं पाणी संपलेलं असायचं म्हणून मी कचेरीतल्या माठातलं प्यायचो. खार संपत आला तेव्हा मी काय केलं? बाजारातून लोणचं आणलं, त्याच्या फोडी कचेरीमागे टाकल्या आणि खार बाटलीत भरला. हे मी दोनदा केलं.

प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचो, वर कडुलिंबाचा पाला चोळायचो. कारण शेठजींचं नाक. आषाढात एका सकाळी ते सूज बघायला आले. त्यांनी डॉक्टरकडून ती युक्ती शिकून घेतली होती, अंगठ्याने पाऊल दाबून खड्डा किती वेळ राहतो ते बघायचे. त्या दिवशी त्यांनी हातावरची सूज बघायला माझा हात धरला, जवळ ओढला आणि थांबले. माझी बोटं त्यांच्या नाकापासून चार अंगुळांवर होती.

"काय लावलंस?" त्यांनी विचारलं.

"मलम," मी म्हणालो.

"मलम," ते म्हणाले, आणि हात सोडला.

श्रावणातली तारीख दहा दिवसांवर आली होती. पुण्याची तयारी झाली होती, अक्काने घरचं सगळं जावेच्या हाती सोपवलं होतं. एका सकाळी बदनापूरच्या फलाटावर गाडीतून उतरलो आणि श्वास आत जाईना. खाली बसलो तो उठता आलं नाही. लोकांनी जीपमध्ये घालून औरंगाबादला नेलं. फुफ्फुसात पाणी भरलं होतं. दुपारपर्यंत शेठजी येऊन पोचले. मोंढ्यातून तसेच, खांद्यावर तागाचे धागे चिकटलेले.

डॉक्टर संतापले होते. एवढं पाणी, एवढा दाब, याच्या पोटात मीठ गेल्याशिवाय हे होणार नाही. कुठून गेलं? त्यांनी ते मला विचारलं, पण बघत होते शेठजींकडे, कारण जेवण त्यांच्या घरचं. माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. बोलता येत नव्हतं हे खरं आहे. पण मान हलवता येत होती. मी डोळे मिटून घेतले.

ऑपरेशन पुढे गेलं. दाजी येऊन मला बघून गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. त्यांनी शब्द पाळला होता, वेळ दिली होती, ती आमच्याकडून हुकली. आता कापूस घरात आल्याशिवाय बायकोला सोडणार नव्हते, आणि तेव्हाही बघू म्हणाले. अक्का त्यांच्या मागे उभी होती. तोवर मी टिकलो तर ठीक.

पाचव्या दिवशी मला खोलीवर आणलं. मी नसताना घरात काय झालं होतं ते मला नंतर शिंप्याच्या बायकोकडून कळलं. शेठजींनी घरी जाऊन काकीजींना विचारलं होतं, खरं सांग, मीठ घातलंस का. त्या आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, सैंधव घातलं होतं. मी रडत होतो त्या दिवसानंतर तीन-चार वेळा, वरणात, चिमटीभर. सैंधव उपासाला चालतं, त्यांच्याकडे काहींना आयंबिलात चालतं, म्हणून त्यांनी त्याला मीठ धरलंच नव्हतं. कागदावर मीठ लिहिलं होतं, सैंधव लिहिलं नव्हतं. चार चिमट्या, त्याही अडीच महिन्यांपूर्वीच्या. फुफ्फुसं भरायला बाटलीभर खार लागतो, आणि तो कुणी प्यायला ते मला ठाऊक होतं.

मला आणलं त्या संध्याकाळी मी खाटेवर पडलो होतो. दाराला पोत्याचा पडदा. ऊन उतरलं आणि ताट वाजायला लागलं. रोजच्यापेक्षा जास्त वेळ वाजत राहिलं. लोक ओट्यांवर आले असावेत, कारण पोरांचा आवाज थांबला. मग शेठजींचा आवाज आला.

"ऐका सगळे. ह्या पोराला मीठ आमच्या घरातून गेलं. माझ्या बायकोच्या हातून गेलं. ह्याच्या बहिनीचं देनं ह्याला मिळता मिळता राह्यलं, ते आमच्यामुळं. मी सगळ्यांची माफी मागून राह्यलो."

पडद्याच्या फटीतून मला ओटा दिसत होता. शेठजींच्या मागे दारात काकीजी उभ्या होत्या. पदर पार खाली ओढलेला. त्यांना तिथे उभं केलं होतं की त्या आपण होऊन उभ्या होत्या, मला माहीत नाही. माझ्या डोक्याशी फळी होती. फळीवर बाटली होती. हात लांब केला असता तर पोचली असती. ती घेऊन मी दारापर्यंत रांगत गेलो असतो तरी चाललं असतं, इतकी जवळ होती ती माणसं. मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. मी तेव्हा आजारी होतो, दमलेलो होतो, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं आहे. त्याने काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो खार मोरीत ओतला आणि बाटली तीनदा धुतली. त्यानंतर मी मिठाचा कण तोंडात घेतला नाही. आणि गंमत बघा, माझी सूज उतरली, दाब खाली आला, डॉक्टरांनी शाबासकी दिली. म्हणजे गल्लीच्या दृष्टीने सगळं सिद्धच झालं. शेठाणीने सैंधव बंद केलं आणि पोरगा सुधारला. माझं शहाण्यासारखं वागणं रोज काकीजींच्या विरुद्ध साक्ष देत होतं.

भाद्रपदात त्यांचं पर्युषण आलं. शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, ते लोक एकमेकांची क्षमा मागतात. वर्षभरात कळत-नकळत काही दुखावलं असेल तर माफ करा म्हणून, घरोघर जाऊन, लहानथोर न बघता. काकीजी माझ्या खोलीवर आल्या. आईच्या वयाची बाई, दिवसभराच्या उपासाने ओठ सुकलेले. पडदा बाजूला करून आत आल्या, माझ्यासमोर हात जोडले आणि म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम्." मग त्यांना ते पुरेसं वाटलं नसावं. मोडक्या मराठीत म्हणाल्या, "बेटा, माझ्या हातानं झालं. तुझं ऑपरेशन होईपर्यंत मी पन मीठ न्हाई खानार."

रीत अशी आहे की समोरच्यानेही तेच शब्द परत म्हणायचे. त्याच्याइतकी सोयीची रीत मला दुसरी मिळाली नसती. मी हात जोडले, मान खाली घातली आणि म्हणालो, "मिच्छामि दुक्कडम्." खरंच मनापासून म्हणालो. त्यांना वाटलं, हा रीत पाळतोय. डोळे पुसून त्या गेल्या आणि संध्याकाळी माझं ताट नेहमीसारखं आलं. पुढचे पाच महिने दोन ताटं बिनमिठाची वाढली गेली, एक माझं आणि एक त्यांचं.

संक्रांत झाल्यावर दाजींचा कापूस घरात आला. अक्का आली. ऑपरेशन झालं, किडनी लागू पडली. अक्का अजूनही शेतात माझ्यापेक्षा जास्त काम करते आणि पोटावरचा व्रण सुनांना दाखवून म्हणते, एवढ्याशा भोकातून भाऊ बाहेर काढला. तिलाही मी सांगितलेलं नाही. तिच्याच लोणच्याचा खार होता तो.

पुढे बदली झाली, लग्न झालं, अंबडला घर केलं. संवत्सरीच्या नंतर दरवर्षी शेठजींचं क्षमापनेचं कार्ड यायचं. खाली काकीजींची सही असायची, एकेक अक्षर वेगळं काढलेलं. मी पण कार्ड पाठवायचो. एका वर्षी कार्डाऐवजी काकीजी गेल्याचा निरोप आला. मी दुखवट्याच्या बैठकीला गेलो. पुरुषांत बसलो. माझी पाळी आली तेव्हा म्हणालो, माझा जीव या माउलीच्या हातच्या जेवणावर वाचला. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेठजी माझ्याकडे एकटक बघत होते. त्यांच्या सुनेने आत मला चहा देताना सांगितलं की सासूबाई दर सोमवारी शेवटपर्यंत अलोणं, बिनमिठाचं, खायच्या. विचारलं तर म्हणायच्या, एक देणं राहिलंय. मी चहा पिऊन गाडी पकडली.

त्यानंतर वर्षभराने गेलो. एका रविवारी बायकोला काहीतरी कारण सांगून निघालो. शेठजी ओट्यावर बसले होते, खाली चौपदरी पोतं घालून. धंदा बंद झाला होता. सगळीकडे प्लास्टिकच्या गोण्या आल्या होत्या. "प्लास्टिकला वासच धरत न्हाई," ते म्हणाले. "काल काय व्हतं, आज काय हाय, काही पत्ता लागत न्हाई." ते पोतं मी ओळखलं. कडेला शाई दिसत होती, मीठ शब्दातला म आणि त्याची वेलांटी.

मी सगळं सांगितलं. बरणीपासून मोरीपर्यंत. मध्ये थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं म्हणून थांबलो नाही. त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीवरून ऊन खाली येत होतं, तिकडे बघत होते.

मग म्हणाले, "हिंग व्हतं तुझ्या बोटाला. मोहरी व्हती. जुनी कैरी व्हती."

ते पुढे म्हणाले,

"नाकानं मला त्याच दिवशी सांगितलं व्हतं. तू म्हनला मलम. मी म्हनलं, मलम असंल. बहीन किडनी देऊन राह्यली, हा कशाला खोटं बोलंल." मग त्यांचा आवाज खाली गेला. "ती म्हनली व्हती, चार चिमट्या घातल्या, त्याच्याहून ज्यादा बिलकुल न्हाई. तिचं ऐकलं न्हाई. तुझं ऐकलं."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "मला काय सांगतो? मला कोनी काय म्हनलं व्हतं?"

ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. आत गेले आणि पितळी ताट आणि उलथनं घेऊन आले. ताट मधोमध ठोकून ठोकून बशीसारखं खोल झालं होतं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

"इथंच उभी व्हती ती," दाराकडे बोट करून म्हणाले. "तू सांग."

मी ओट्याच्या कडेला उभा राहिलो. गल्ली बदलली होती. मास्तरांची घरं विकली गेली होती, तिथे दोन मजले झाले होते. पण शिंप्याची बायको होती, म्हातारी झालेली, दारात मटकी निवडत बसलेली. ड्रायव्हर निवृत्त होऊन खाटेवर पेपर वाचत होता. त्यांनी ऐकलं होतं त्या दिवशी. त्यांना सांगितलं असतं तरी पुरलं असतं. वाक्य मी मनात जुळवलं. मीठ त्यांनी दिलं नाही, मी चोरून खाल्लं. एवढंच होतं ते.

मी ताटावर उलथनं मारलं. पाच-सहा वेळा मारलं. शिंप्याच्या बायकोने मान वर केली. ड्रायव्हरने पेपर खाली घेतला. वरच्या मजल्याच्या खिडकीतून एक पोरगी डोकावली. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला माझाच आवाज ऐकू आला.

"दिवस चालला," मी म्हणालो. "जेवून घ्या."

लोक हसले. शिंप्याच्या बायकोने, शेठजींना चेला मिळाला वाटतं, असं काहीतरी म्हटलं आणि मटकीची परात उचलून आत गेली. ड्रायव्हरने पेपर परत वर घेतला.

शेठजींनी माझ्या हातातून ताट घेतलं. रागावले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही. दारात जाऊन त्यांनी सुनेला हाक मारली आणि म्हणाले, "ह्याला वाढ. जल्दी कर, दिवस चालला. मिठाचं वाढ."

तिने पाट मांडला. दुधीची भाजी होती, वरण होतं. मीठ बरोबर होतं. मी जेवलो.